हिरव्या बाहीचा स्वेटर

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. त्रेचाळिशी उलटली, कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं, तरी धाकटी ती धाकटीच. "थोरली आहे तोवर हिला वय चढायचं नाही," असं तिचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चेष्टेनं म्हणायचे. घराबाहेर ती दुभाषीबाई होती. एका परदेशी बातम्यांच्या वाहिनीसाठी बारा वर्षं ती तिकडचे प्रश्न इकडच्या भाषेत आणि इकडची उत्तरं तिकडच्या भाषेत करून देत होती. त्याआधी ती एका क्लासमध्ये तीच भाषा शिकवायची. क्लास बंद पडला आणि देशाचं नाव जगभरच्या बातम्यांत यायला लागलं, दोन्ही एकाच वर्षी घडलं. यात देवाची काही योजना असेल असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता ती त्याबद्दल काही म्हणत नाही. सकाळी उठून हात मात्र जोडते.

देशात काय चाललंय हे सांगायला बसलं तर एका घरातल्या दोन माणसांचं जमत नव्हतं. सरकार एक सांगायचं, सरकारवर चिडलेले दुसरं सांगायचे, आणि विमानातून उतरणारे बातमीदार आपलं तिसरंच काही शोधत यायचे. धाकटीला एवढं कळलं होतं की पेट्रोलची रांग वाढली की परदेशी माणसं वाढतात, आणि रांग ओसरली की हॉटेलातल्या खोल्या रिकाम्या होतात.

वाहिनीचं ऑफिस हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, चारशे बारा नंबरच्या खोलीत होतं. पलंग काढून टाकले होते, पण त्यांच्या पायांचे खळगे गालिच्यात तसेच राहिले होते आणि नवा माणूस हमखास त्यात अडखळायचा. भिंतीवर एक मोठा कागद असायचा. त्यावर त्या आठवड्यात कोणकोण हवं ते लिहिलेलं: एक आई. एक विद्यार्थी. एक घाबरलेला माणूस. एक सरकारच्या बाजूचा, थोडक्यात बोलणारा. वाणसामानाच्या यादीसारखा तो कागद, आणि त्यातली माणसं शोधून आणणं धाकटीकडे.

तिथला मुख्य बातमीदार इतका उंच होता की दारातून वाकून यायचा. घरी ती त्याला लांब्या म्हणायची. एक कॅमेरावाला होता, आणि सगळ्यांना वेळेवर जेवायला घालणारी, सगळ्यांवर ओरडणारी एक निर्माती होती. माणसं वाईट नव्हती, हे धाकटी आजही शपथेवर सांगेल. लांब्यानं एकदा दंडुका खाल्ला होता डोक्यात, आणि टाके घालून त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता. फक्त त्यांच्या खिशात परतीचं तिकीट असायचं. त्यानं माणसाच्या बघण्यात काय फरक पडतो ते तिला कधी शब्दांत सांगता आलं नाही, आणि शब्द तर तिचा धंदा.

एकदा काय झालं, चौकातल्या पेट्रोलपंपाला लागून एक बाग आहे, बागेत घसरगुंडी. रांगेतले बाप गाड्या रांगेत लावून पोरांना घसरगुंडीवर सोडायचे आणि कुंपणावरून लक्ष ठेवायचे. लांब्यानं कॅमेरावाल्याला सांगितलं, घसरगुंडी नको, प्रेक्षक गोंधळतील. दुसऱ्या दिवशी सरकारी वाहिनीवाले त्याच जागी आले आणि त्यांनी नुसती घसरगुंडी दाखवली, हसरी पोरं, वर ऊन. दोन्ही एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना होतं, पण कॅमेरा तेवढा मागे सरकवायला कुणी तयार नव्हतं.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा भावोजी खोकला येईस्तोवर हसले. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. "अगं, आमचंही तेच. गिऱ्हाइकाला आकडा कमी हवा, साहेबाला जास्त हवा, मीटर बिचारं मधल्यामधे फिरतंय."

या कामात धाकटीला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती, तिची यादी. पाच वर्षांपूर्वी एका बेकरीवाल्याचा चेहरा झाकून मुलाखत दाखवली होती. चेहरा काळा केला, आवाज बदलला, आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तसंच राहिलं. त्या छापाचं कॅलेंडर त्या गल्लीत एकाच दुकानात होतं. बेकरीवाला सात महिने घरी नव्हता. परत आला तेव्हा त्यानं तिला ओळख दिली नाही. तेव्हापासून तिनं डायरीच्या पुठ्ठ्याच्या आत आपल्या अक्षरात लिहून ठेवलं: दारावरची पाटी, खिडकीतून दिसणारं, भिंतीवरचं, अंगठी, घड्याळ, चष्मा, पायातलं, आवाज. कॅमेरा लागायच्या आधी ती एकेक बघून बोट ठेवायची. लांब्यासुद्धा थांबायचा. शेवटी तिनं मान हलवल्याशिवाय काम सुरू होत नसे. यादीत नसलेला एक नियम तिनं मनाशी बांधला होता: घरच्या माणसाला कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही. त्या बाबतीत तिनं कानाला खडा लावला होता.

थोरली एका शाळेत कारकून. चोवीस वर्षांची नोकरी, दोन राहिलेली. दाखले, शिक्के, आणि मुख्य म्हणजे हजेरीपट. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून वरून चिठ्ठ्या यायला लागल्या की अमुक मुलाचं नाव कमी करा. तांबड्या शाईनं रेघ मारायची आणि शेऱ्यात ‘स्थलांतर’ लिहायचं. काही घरं खरंच गेली होती. काहींचे बाप उचलून नेलेले. आणि दोन मुलांचं काय झालं ते विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. अशी चौदा नावं झाली. थोरली मुळात बोलकी बाई, पण त्या हिवाळ्यात भाजी निवडताना मधेच तिचा हात थांबायचा आणि तसाच राहायचा.

त्या आठवड्यात भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं, ‘एक सरकारी नोकर, चेहरा झाकून’. एक नर्स तयार झाली होती, ती आदल्या दिवशी फिरली. परवाच्या विमानानं लांब्या आणि कॅमेरावाला जाणार होते. धाकटी थोरलीकडे येऊन कपाळाला हात लावून बसली.

थोरली म्हणाली, "मी बोलते."

"तू? डोकं फिरलंय का तुझं?"

"चोवीस वर्षं हजेरी घेतेय. गैरहजर कोण, ते मीच सांगायचं ना?"

"आणि नोकरी? भावोजींचं मशीन?"

भावोजींची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात मशीनला लावायचे, आणि ते थोरलीच्या नोकरीच्या कार्डावर चालायचं. कार्ड गेलं की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की पुढचं बोलायची गरज नव्हती.

"माझं नाव मधे घालू नका," भावोजी पलंगावरून म्हणाले. "मी मीटर आहे. फिरतंय तोवर फिरतंय."

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली, आणि धाकटीकडे वळून, "चेहरा दाखवत नाहीत ना? आणि तुझी यादी आहे की. तूच सांगतेस, यादी केल्यापासून एकालाही ओरखडा नाही."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण कागदावरची जागा रिकामी होती, विमान परवाचं होतं, आणि यादीचं कौतुक थोरलीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मुलाखत धाकटीच्याच घरी घेतली. पाटी काढली. खिडकीला चादर. भिंतीवरचा आईवडलांचा फोटो उतरवला. थोरलीच्या बोटातली अंगठी निघेना, तेव्हा धाकटीनं साबण लावून काढली. घड्याळ, चष्मा, चपला. एकेका ओळीवर बोट ठेवलं. मग कॅमेरावाला कानाला यंत्र लावून म्हणाला, हीटर घूं करतोय, बंद करा. हीटर बंद केला. दहा मिनिटांत खोली इतकी गार झाली की थोरलीचे दात वाजायला लागले. खुंटीवर तिनं येताना काढून ठेवलेला स्वेटर होता. तो धाकटीनं काढला, थोरलीच्या अंगात घातला, आणि लहान पोराची लावावीत तशी बटणं लावली.

मग मान हलवली. सगळं ठीक.

आता त्या स्वेटरबद्दल सांगायला हवं. तो धाकटीनंच विणलेला, थोरलीच्या पन्नाशीला. पिवळा. डाव्या बाहीच्या कोपरापर्यंत आल्यावर लोकर संपली, आणि तो पिवळा रंग दुकानात पुन्हा आलाच नाही. मग कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा. शाळेत त्याची इतकी थट्टा झाली की मुलं थोरलीला सिग्नलबाई म्हणायला लागली. मुख्याध्यापिकासुद्धा दारात तिला बघून म्हणायच्या, "हिरवा लागला, चला, शाळा सुरू." सगळ्या शाळेला, सगळ्या गल्लीला ठाऊक असलेला स्वेटर. धाकटीच्या नजरेला मात्र तो दिसायचा बंद झाला होता. आपण घातलेले टाके आपल्याला दिसत नाहीत. कॅलेंडर शोधणारी बाई, काखेत कळसा घेऊन गावभर हिंडली.

थोरली एकेचाळीस मिनिटं बोलली. चौदाच्या चौदा नावं तिनं पटावरच्या क्रमानं सांगितली. कुणाला गणित येत नव्हतं, कुणाची आई डबा द्यायला विसरायची, कोण दाखल्यावर सही करताना बापाच्या नावात चूक करायचा. लांब्यानं विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "भीती वाटते. न वाटून कसं चालेल? पण कामाला तर जावंच लागतं. पट काय आपोआप भरतो?" आणि हसली. धाकटीनं सगळं जसंच्या तसं, ‘मी’ म्हणत, त्या भाषेत सांगितलं. दुभाष्यानं तसंच करायचं असतं. ‘ती म्हणते’ असं म्हटलं की बोलणाऱ्याचं बोलणं शिळं होतं. कॅमेरावाला चेहऱ्याच्या अंधारावरून खाली थोरलीच्या हातांवर गेला आणि तिथंच थांबला. त्याचं नेहमीचं असायचं, हात बोलतात.

दोन दिवसांनी बातमी लागली. थोरलीला नऊ सेकंद मिळाले. काळा चेहरा, मग मांडीवरचे हात, आणि बदललेल्या आवाजात, "भीती वाटते." एवढंच. नावं नव्हती. त्यांची खात्री करता आली नाही, असं मुख्य ऑफिसचं म्हणणं पडलं. हसणं तर नव्हतंच. धाकटीनं चारशे बारामध्ये ते तीनदा बघितलं, यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवत. पाटी नाही. अंगठी नाही. चष्मा नाही. बरोबर.

थोरली आणि भावोजींनी घरी फोनवर बघितलं. संपल्यावर थोरलीनं परत लावलं. मग भावोजी म्हणाले, "अगं, सिग्नल."

दुसऱ्या दिवशी सरकारी वाहिनीनं तेच नऊ सेकंद उचलले, ‘परदेशी वाहिनीचा कांगावा’ म्हणून. मोठे करून, थांबवून थांबवून दाखवले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी थोरलीला आत बोलावून दार लावलं. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या.

"तुमचा तो स्वेटर घरी आहे ना?"

"आहे."

"मी काही बोलले नाही हो. पण शिपाई बोलला, वर्गांत पोरं बोलली, कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार मी? पत्र आलंय. गुरुवारी अकराला शिक्षण कचेरीत. स्वेटर घेऊन."

धाकटीला हे कळलं तेव्हा ती जिन्यात होती. तिनं कठडा धरला, आणि कठडा गार आहे एवढंच तिला जाणवलं. दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल असतो, पण आपला नसतो, तसं तिला सगळ्या अंगाला झालं. ते पुढे किती दिवस राहिलं ते तिनं मोजलं नाही.

ती चारशे बारामध्ये गेली. लांब्या आणि कॅमेरावाला गेलेले होते, पेट्रोलची रांग आता दुसऱ्या देशात लागली होती. निर्माती एकटी वायरी गुंडाळत होती. धाकटीनं सांगितलं. निर्मातीनं तिला मिठी मारली, खाली बसून रडली, मग उठून मुख्य ऑफिसला फोन लावला. धाकटीचं म्हणणं एकच होतं, ते नऊ सेकंद काढून टाका, गुरुवारच्या आत. पलीकडची माणसं उंटावरून शेळ्या हाकणारी, पण आवाज गोड. त्यांनी दोन तासांनी कळवलं की काढता येणार नाही. काढलं तर बातमी खोटी होती असा अर्थ निघेल. पण बाईंना कामावरून काढलं, तर ती मोठी बातमी आहे. आता लपवण्यासारखं काही राहिलेलंच नाही, तर त्या उघड्या चेहऱ्यानं बोलतील का?

निर्मातीनं हे खाली बघत सांगितलं. मग पर्समधून हाताला लावायच्या क्रीमची नवीकोरी बाटली काढून तिच्या हातात दिली. तिला बिचारीला दुसरं काही सुचलं नसावं. धाकटीनं ती घेतली आणि आभार मानले, दोन्ही भाषांत.

बुधवारी दुपारी ती थोरलीकडे गेली.

"स्वेटर दे. उसवून टाकते."

थोरलीनं घडी घालून ठेवलेला स्वेटर दिला. "उसव. पण मी खोटं बोलायची नाही. विचारलं तर हो म्हणणार. मीच बोलले, आणि नऊ सेकंदांपेक्षा जास्त बोलले, तेही ऐका म्हणणार."

"आणि भावोजी?"

"हे म्हणालेत, बोल."

"मी असं म्हणालोच नाही," भावोजी पलंगावरून म्हणाले. "मी म्हणालो, तू कधी माझं ऐकलंयस?" पण त्यांच्या आवाजात नेहमीचं पाणी नव्हतं, आणि पांघरुणाखाली त्यांचे पाय सुजून उशीएवढे झालेले दिसत होते.

घरी येऊन धाकटीनं हिरव्या बाहीचं टोक सोडवलं. दोन ओळी उसवल्या. मग थांबली. स्वेटर घेऊन या म्हणून पत्र आलंय, आणि स्वेटर नाही म्हणून सांगायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिनं उसवलेला धागा सुईवर घेतला आणि दोन ओळी परत विणल्या. देवाचं नाव घ्यायला तिनं ओठ हलवले. काय मागायचं ते ठरेना, म्हणून नुसतंच नाव घेतलं.

गुरुवारी सकाळी नऊला, थोरलीच्या वेळेच्या दोन तास आधी, ती स्वेटर अंगात घालून शिक्षण कचेरीत जाऊन बसली.

साहेबाच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्याच्या मुलीची प्रगतिपुस्तकं. त्यानं स्वेटर बघितला, मग तिला बघितलं.

"तुम्ही त्या नव्हेत."

"मी तिची धाकटी बहीण. हा स्वेटर मी विणलाय. टीव्हीवर मी आहे."

"सगळी शाळा सांगतेय, स्वेटर तिचा."

"तिच्याकडे असतो कधीकधी. थंडी दोघींना वाजते, स्वेटर एक."

साहेबानं संगणकावर ते नऊ सेकंद लावले. "हात ठेवा असे."

तिनं हात मांडीवर ठेवले. बहिणींचे हात, बोटं तशीच, नखं तशीच.

"बोला बघू."

"भीती वाटते," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडात आलं होतं, पट काय आपोआप भरतो. ते तिनं आत ठेवलं. जिथं त्यांनी कापलं होतं तिथंच ती थांबली. बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या वतीनं ‘मी’ म्हणत होती, त्यामुळे आवाज जराही हलला नाही.

साहेब खुर्चीत मागे टेकला. "पण तुम्ही तर त्यांच्या दुभाषी. तुम्हीच मुलाखत द्यायची आणि तुम्हीच भाषांतर करायचं?"

"कुणी मिळत नव्हतं. परवाचं विमान होतं."

हे मात्र त्याला लगेच पटलं. इतकं पटलं की त्याचा चेहराच खुलला. तेव्हा धाकटीला कळलं की आपण काय करून बसलो. साहेबानं घंटी वाजवली, टंकलेखक बोलावला. "लिहा. शाळेची कारकून वगैरे कुणी नव्हतीच. परदेशी वाहिनीनं आपल्याच पगारी बाईला अंधारात बसवून साक्षीदार म्हणून दाखवलं. बरोबर ना, बाई?"

एका बाजूला थोरली, एका बाजूला ही खोली, आणि मधे भावोजींचं मशीन, असं काही ती मनात आणायचा प्रयत्न करत होती, पण काहीच आलं नाही.

"बरोबर," ती म्हणाली, आणि सही केली.

स्वेटर पुरावा म्हणून ठेवून घेतला. पावती दिली: स्वेटर, पिवळा, नग एक, डावी बाही अर्धी हिरवी. दुभाषी म्हणून काम करायचा परवाना काढून घेतला. परदेशी माणसांबरोबर काम नाही, आणि दर सोमवारी येऊन सही. ती नुसत्या ब्लाउजवर घरी चालत आली. वाटेत थंडी वाजत होती हे तिला घरी आल्यावर अंगावरच्या काट्यावरून कळलं.

संध्याकाळी सरकारी वाहिनीवर तिचा फोटो होता, परवान्यावरचा. खाली, ‘बनावट साक्षीदार’. आणि जे रडून-विनवून झालं नव्हतं ते तासाभरात झालं. परदेशी वाहिनीनं ते नऊ सेकंद काढून टाकले आणि पत्रक काढलं: स्थानिक कर्मचाऱ्यानं नियम मोडल्याचं समजतं, तिच्याशी आमचा संबंध संपलेला आहे. त्या खोलीत थोरली बसली होती हे वाहिनीच्या तिघांना ठाऊक होतं. निर्मातीचा फोनवर एका शब्दाचा निरोप आला, ‘समजलं’. लांब्याचा आला नाही. तो काही दिवसांनी एका दुकानाच्या काचेतल्या टीव्हीवर दिसला, वेगळ्या चौकात, वेगळ्या रांगेसमोर, त्याच कोटात.

थोरलीची नोकरी राहिली. कार्ड राहिलं. भावोजी मंगळवारी मशीनला लागले, शुक्रवारी लागले.

थोरली मात्र त्याच गुरुवारी रात्री धाकटीकडे आली होती. कचेरीत तिला अकरा वाजता दारातूनच परत पाठवलं होतं, तुमचं काम नाही म्हणून. ती आत आली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझी नोकरी वाचवलीस ना?"

"हो."

"आणि माझी चौदा पोरं खोटी करून आलीस." ती ओरडली नाही. "त्या लोकांनी निदान नऊ सेकंद ठेवले होते. तू तेही नेलेस."

धाकटीला उत्तर द्यायचं होतं. गालाला सुई दिलेली असताना बोलावं तसं काहीतरी तोंडातून आलं, पण शब्द झाला नाही. थोरली जिना उतरून गेली.

हिवाळा तसाच गेला. धाकटीला एका कंपनीचं काम मिळालं, कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपत्रकं भाषांतरित करायची. ‘दार नीट बंद झाल्याची खात्री करा.’ ‘आवाज आल्यास यंत्र थांबवा.’ ती वाक्यं कुणी कापत नसे. सोमवारी सही. साहेब आता तिला ओळखून मान हलवायचा. वाटेत बेकरी लागायची. एकदा बेकरीवाल्यानं तिला हाक मारून पाव दिला आणि म्हणाला, "बघितलं टीव्हीवर. तुमचंही कॅलेंडर राहिलं वाटतं." ती हसली असावी. सकाळी हात जोडायची, मागायची काही नाही. देवाला तरी रोज रोज काय भाषांतर करून सांगायचं.

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी दुपारी दार वाजलं. थोरली. दम लागलेला, हातात पिशवी. यावेळी ती उंबऱ्यात थांबली नाही. आत येऊन खुर्चीवर बसली, त्याच जागी, जिथं तेव्हा बसवली होती.

"ह्यांनी पाठवलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"ते म्हणतात, दोघी बहिणी आणि दोन्ही मीटर बंद. मी म्हटलं, तुम्ही झोपा." तिनं पिशवीतून शाळेची कोरी वही काढून टेबलावर ठेवली. "ही घे. मी सांगते, तू लिही. पहिल्यापासून. मधे कापायचं नाही."

"कुणाला द्यायचंय?"

"कुणाला नाही. पटावर रेघ मारलीय मी. कुठंतरी रेघ न मारलेली नावं असायला हवीत ना? आता सोळा झालीत."

धाकटीनं पेन घेतलं. जीव हलला असं तिला सांगता येणार नाही, खोटं कशाला सांगा. पण हात कामाला लागला. खिडकीला चादर लावायला ती सवयीनं उठली, आणि मग हीटरचं बटण बंद करायला वाकली.

"राहू दे तो," थोरली म्हणाली. "घूं करतोय तर करू दे. मला थंडी वाजते, आणि घालायला आता काही नाही."

धाकटी परत येऊन बसली. वही उघडली. समासात वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं, आणि तोंडातून नेहमीचं निघून गेलं, "आपलं नाव आणि काम सांगा."

"चुलीत गेलं माझं नाव," थोरली म्हणाली. "पहिल्या पोराचं लिही."